तीनशे शब्दांतली गरिबी

बारावीनंतर मला नगरच्या एका फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा जामखेडकडच्या आमच्या वस्तीवर पेढे वाटले गेले. सरकारी शिष्यवृत्ती फक्त कॉलेजची फी भरते. राहायचं कुठं आणि खायचं काय, हे ती विद्यार्थिनीवर सोडते, हे पेढे संपल्यावर कळलं. पहिले दोन महिने वडिलांनी निभावले. पुढचं काय, म्हणून मी कॉलेजच्या ऑफिसात गेले. तिथले क्लार्क म्हणाले, "बाहेरच्या शिष्यवृत्त्या बघ. ट्रस्ट असतात, कंपन्या असतात. देणारे लई आहेत, मागता आलं पाहिजे."

मागणं हा वेगळा विषय आहे आणि तो कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, हे पहिल्याच फॉर्मवर समजलं. मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, पासबुक सगळं अपलोड केल्यावर शेवटी एक मोठा रिकामा चौकोन होता : तुमचा संघर्ष तीनशे शब्दांत लिहा. मी खरं ते लिहिलं. आई-वडील दिवाळीनंतर श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जातात. तेवढे महिने मी मावशीकडे राहून शाळा केली. मावशीनं मला तिच्या मुलींसारखंच वागवलं. मला केमिस्ट्री आवडते. एवढ्यात माझा संघर्ष संपला. शंभर शब्दसुद्धा झाले नाहीत. नकार आठवड्याभरात आला.

होस्टेलवर माझ्या खोलीत अकोल्याकडची एक मुलगी होती. तिला दोन ट्रस्टचे पैसे मिळायचे, त्यामुळे आमच्या मजल्यावर तिचा शब्द मानला जायचा. तिनं माझं लिखाण वाचलं.

"ह्यात कुणी रडतच नाहीये," ती म्हणाली. "वाचणाऱ्याचे डोळे भरून आले पाहिजेत."

तिच्या स्वतःच्या निबंधात ती भर पावसात दोन डोंगर ओलांडून शाळेत जात होती. तिच्या गावातून शाळेच्या दारापर्यंत जीप जाते, हे मला तिनंच आधी सांगितलं होतं. मी तशी आठवण करून दिली.

"जीप एकदा बंद पडली होती," ती शांतपणे म्हणाली. "तेव्हा गेले होते चालत. खोटं काय त्यात?"

मग तिच्या देखरेखीखाली मी पुन्हा लिहिलं. आई उपाशी झोपायला लागली. घराचे पत्रे गळू लागले. मावशीला तर मी काढूनच टाकलं, कारण प्रेमळ मावशी असली की संघर्ष पातळ होतो, असं मैत्रिणीचं मत पडलं. या वेळी बरोबर तीनशे शब्द भरले आणि पुण्याच्या एका ट्रस्टचा फोन आला. आमची माणसं तुमचं घर बघायला येतील, म्हणाले.

मी घाबरून गावी गेले आणि आईला निबंध वाचून दाखवला. ती शेंगा फोडत ऐकत होती.

"ही बाई कोन हाय?" तिनं विचारलं.

"तू."

"म्या कवा उपाशी झोपले?"

"तसं लिहावं लागतं, आई."

"आन् पत्रं कवा गळले? औंदाच तर नवे टाकलेत तुज्या दादांनी." दादा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून हसत होते. आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "मावशीचं नावच न्हाई गं ह्यात. तिला कळलं तर काय वाटंल?"

मी उरलेल्या शेंगा फोडत बसले.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू सांगायला आल्या, की फ्रिज आमच्याकडे ठेवा, टीव्हीवर गोधडी टाका. आईनं ऐकलं नाही. पाहुणे येणार म्हणून तिनं अंगण सारवलं, खाटेवर नवी चादर घातली, स्वतः लग्नासमारंभातली साडी नेसली. म्हणजे आमची गरिबी बघायला येणाऱ्यांसाठी तिनं ती होती तेवढीसुद्धा झाकून टाकली.

गाडीतून एक साहेब आणि एक मॅडम उतरले. माणसं सभ्य होती. मॅडमनी आधी वर पत्र्यांकडे पाहिलं, मग फ्रिजकडे, मग हातातल्या कागदाकडे. चहा झाल्यावर त्या आईला म्हणाल्या, "ताई, जरा चुलीपाशी बसता का? फोटो घ्यायचाय."

"सैपाक ग्यासवर करतो आमी. ती आंगुळीच्या पान्याची चूल हाय."

"तरी बसा."

आई त्या ठेवणीतल्या साडीत विझलेल्या चुलीपुढं बसली. साहेब म्हणाले, "हसू नका फक्त." फोटो झाला. आई उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "त्या कागदावर पोरीनं वाढवून लिव्हलंय. ह्या घरात उपाशी कुनी झोपत न्हाई. आमी ऊस तोडतो ते खरं हाय, पोरगी हुशार हाय ते खरं हाय. तेवढ्यावर देत असाल तर द्या."

साहेब कपातला संपलेला चहा पीत राहिले. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं.

पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला. होस्टेलचे पैसे मंजूर झाले होते, मेसचे नाही. "कमिटीला फोटोत मागं दारातून फ्रिज दिसला," त्या अवघडून म्हणाल्या. "तुझ्या आईंचं बोलणं मला आवडलं गं. पण फॉर्मात फ्रिजचा रकाना आहे, बोलण्याचा नाही." मेससाठी मी कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम धरलं.

दसऱ्याआधी नगरच्या एका हॉलमध्ये वाटपाचा कार्यक्रम झाला. पैसे खात्यात आधीच आले होते, तरी स्टेजवर प्रत्येकीला दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक देत होते. माझी पाळी आली, तेव्हा निवेदकानं भरल्या आवाजात माझा निबंध वाचला, उपाशी आईसकट. तो कुणी दुरुस्त केलाच नव्हता. आई तिसऱ्या रांगेत ताठ बसून माझ्याकडे बघत होती. चेक दोन्ही हातांनी धरावा लागल्यामुळे मला तोंडही झाकता आलं नाही.

सुट्टी होती म्हणून मी तिच्याबरोबरच जामखेडच्या एसटीत बसले. ती रागावेल असं वाटत होतं. नगर मागं पडलं, तशी ती म्हणाली, "तुमच्या त्या फार्मसीत शिकवत्यात तरी काय?"

एवढे फॉर्म भरले, घर दाखवलं, भाषणं ऐकली. हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. तिनं मध्येच थांबवलं.

"डोकं दुखतंय का गुडघा, हे गोळीला कसं कळतं?"

"कळत नाही. ती रक्तातून सगळीकडं जाते."

"मंग दुखत न्हाई तितं जाऊन काय करती?"

"ते पुढच्या वर्षाला आहे," मी म्हटलं.