आधी आपल्या जिभेवर

यमुना गेल्याचं कळलं तेव्हा मी अंगणात नाचणी पाखडत होते. साखरशेतहून तिच्या सुनेचा फोन आला. "मामी, आई गेली," एवढंच बोलली. मी सूप खाली ठेवलं नाही. उरलेली नाचणी पाखडून पुरी केली आणि मग सूर्यमाळहून निघाले. ती जाणार हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आता महिना उलटून गेलाय. लोक तिच्याबद्दल काहीबाही बोलतात, म्हणून जे मी पाहिलं ते लिहून ठेवते.

यमुना माझी नणंद. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती परकरातली पोर होती. माझे सासरे दम्याचं औषध देत. खोकून खोकून वाकलेली माणसं डोंगर चढून यायची, औषध न्यायची आणि पुढच्या खेपेला ताठ चालत यायची, येताना कोंबडी नाहीतर काकड्या घेऊन. त्या औषधात सोमल असायचा. सोमल म्हणजे विष, हे घरात कुणापासून लपलेलं नव्हतं. पण शुद्ध केला की त्याचं विष निघून जातं, असं सासरे मानत, त्यांचे वडीलही मानत. म्हणून घराची एक रीत होती. औषध देणाऱ्याने आधी चिमूटभर आपल्या जिभेवर ठेवायचं, घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, आणि मगच पुडी त्याच्या हातात द्यायची. माझा नवरा म्हणाला, आपल्याला नाही हे जमायचं. यमुना म्हणाली, मी करते. सासरे साप चावून लवकर गेले. जास्त जगले असते तर त्यांच्याही अंगावर ते विष दिसलं असतं, असं आता वाटतं. यमुना साखरशेतला सासरी गेली तेव्हा औषधही तिच्याबरोबर गेलं.

घेणारे काही महिने घ्यायचे आणि बरं वाटलं की सोडायचे. यमुनाला सोडता येत नव्हतं. जितके दमेकरी यायचे, तितक्या चिमटी तिच्या पोटात जायच्या. एवढी वर्षं! तिच्या तळहातांवर मोहरीच्या दाण्यांसारखे टणक कण उठले, टाचाही तशाच झाल्या. आम्ही म्हणालो, कामाचे हात आहेत. भाताची लावणी करणाऱ्या, लाकडं फोडणाऱ्या बाईचे तळवे मऊ कुठून असणार? आमच्याकडे सुनेचा हात खरखरीत लागला तर सासू खूश होते. यमुनाच्या सासूने तिचे हात चारचौघींत धरून दाखवले होते. पुढे छातीवर आणि पाठीवर काळे-पांढरे ठिपके आले. पाय बधिर झाले. वाटेत चप्पल निसटली तर तिला घरी आल्यावर कळायचं, आणि आम्ही हसायचो... हसण्यासारखंच वाटायचं तेव्हा.

मग बोटावर जखम झाली ती भरेचना. जव्हारच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं. मी बरोबर होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोट नंतर बघितलं, आधी तिचे दोन्ही तळवे उलटसुलट केले आणि विचारलं, "बाई, तुम्ही काय खाता?" यमुनाने काही लपवलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोमल कितीही शुद्ध केला तरी विषच राहतो. थोडा थोडा पोटात गेला तर कातडीवर उठतो, नसा मारतो, कित्येक वर्षांनी कॅन्सर करतो. बंद केल्यावरही मागून उद्भवतो. यमुनाने स्वतःचं काही विचारलं नाही. "मी ज्यांना दिलं, त्यांचं काय?" हे विचारलं.

बोट कापलं. जखम सुकली तशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वहिनी, चल. पाड्यापाड्यांवर जाऊ." बधिर पायांनी ती काठी टेकत चढायची. लोकांना वाटायचं पुड्या घेऊन आली. एका पाड्यावरचा धर्मा तर चिडलाच. "आत्या, बरं करून आता घाबरवतेस होय? कंटाळा आला का वाटायचा?"

"हात दाखव."

"हात कष्टाचे आहेत माझे."

"माझेपण कष्टाचेच म्हणत होते सगळे. सदरा काढ. छातीने नांगर धरतोस काय रे तू?"

त्याची बायको फिसकन हसली. धर्माने सदरा काढला. मग कुणी हसलं नाही.

त्याच्या शेजारची सोनू मात्र ऐकेना. दम्याने तिला रात्रभर बसवून ठेवलं होतं त्या दिवसांत यमुनाच देवासारखी आली होती. ती म्हणाली, "तू आमच्यासमोर खाल्लंस. विष असतं तर आधी तू मेली असतीस."

"मरतेच आहे की," यमुना म्हणाली. "जरा वेळ लागतोय, एवढंच."

मग तिने पदराखालचा हात बाहेर काढला आणि सोनूच्या मांडीवर ठेवला. सोनूने तो उलटसुलट करून पाहिला आणि उठून आढ्याला खोचलेल्या पुड्या काढून दिल्या. तोंडाने सांगून कुणी ऐकलं नाही, हात बघून ऐकलं. धर्माला आणि आणखी काहींना डॉक्टरांकडे नेलं. सोनू आता मोखाड्याहून दम्याचा पंप आणते, आणि तो संपला की मला शिव्या देते. सगळ्या पाड्यांवर जायचं राहिलं. आजार यमुनाच्या फुप्फुसात उतरला. दुसऱ्यांचा दमा घालवणारी बाई शेवटी दोन वाक्यं सलग बोलू शकत नव्हती.

लोक म्हणतात, यमुनाने विष वाटलं. वाटलं, खरं आहे. पण लबाड असती तर वाचली असती. नुसती दुसऱ्यांना देत बसली असती. रीत पाळली म्हणून सगळ्यांत जास्त तिच्याच पोटात गेलं. तिने किती जणांना जगवलं आणि किती जणांचं आयुष्य तोडलं, याचा निवाडा मला करता येत नाही.

परवा साखरशेतला गेले होते. लांबच्या पाड्यावरून एक माणूस खोकत आला, दम्याचं औषध मागायला. सून म्हणाली, मामी, तुम्हीच सांगा. मी सांगितलं. त्याने मान हलवली, पण पटलं नव्हतं, ते दिसत होतं. जाईल आता दुसऱ्या कुणाकडे. भिंतीवर यमुनाचा हार घातलेला फोटो आहे. आधार कार्डावरचा मोठा करून घेतलाय, चांगला आलाय. मी त्या फोटोकडे बोट केलं आणि खाली घेतलं. फोटो गळ्यापर्यंतच आहे.