मोहच न झालेली केझिया

पाळकाच्या पोटी जन्म घेणं म्हणजे काय, ते केझियाला विचारा. फिलिपीन्समधल्या दुमागेते गावच्या त्यांच्या चर्चमंडळीत नाच नाही, सिनेमा नाही, लिपस्टिक तर सैतानाची सख्खी बहीण. पंधराव्या वर्षी पोरींनी लग्नापर्यंत पवित्र राहण्याची शपथ घ्यायची, बापाने बोटात अंगठी घालायची. मग दर उन्हाळी शिबिरात मोह जिंकलेल्या एकीने सगळ्यांपुढे साक्ष द्यायची. सलग सहा वर्षं ती एकजण केझियाच! बाकीच्या पोरी ढसाढसा रडत प्रार्थना करायच्या, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. काय हा संयम, म्हणायचे लोक. बिचारीला स्वतःलाही ते खरं वाटलं.

सव्विसाव्या वर्षी ती मंडळी सोडून बाहेर पडली. बाप अजून बोलत नाही. झाकण निघालं, आता उकळी येईल, असं तिला वाटलं होतं. चार वर्षं झाली. उकळी कसली, पाणी कोमटसुद्धा होईना. ती शिकवायची त्या शाळेतला डेन्व्हर तिला मनापासून आवडायचा, पण तो जवळ आला की हिला वाळत घातलेले कपडे आठवायचे. ‘थांब जरा, अजून मंडळीतलं जुनं निघतंय मनातून,’ असं सांगून ती त्याला थोपवत आली. काही माणसांना ती ओढ मुळातच नसते, असं एकदा तिने फोनवर वाचलं. अलैंगिक म्हणतात म्हणे. जीव भांड्यात पडला, आणि लगेच पुन्हा घाबरा झाला. आपण जन्मतःच अशा, की बाबांच्या प्रवचनांनी आतलं काही मारलं? मारलं असेल तर कधीतरी पुन्हा उगवेल. मुळातच नसेल, तर डेन्व्हरला थांबवणं ही शुद्ध फसवणूक. आणि त्याने तर लग्नाचं विचारलं होतं!

शेवटी ती बाजारात रोव्हेनाच्या टपरीवर गेली. रोव्हेना शपथेच्या वेळी तिच्या शेजारी उभी होती. एकोणिसाव्या वर्षी पोटुशी राहिली, तेव्हा मंडळीने तिला उभं करून माफी मागायला लावली, आणि तिच्यामागून लगेच केझियाची साक्ष ठेवली.

“या, पाळकांच्या लेकी! वाट चुकलात?” रोव्हेना गरम चॉकलेट घुसळत म्हणाली.

“एक विचारू? रागावशील.”

“अकरा वर्षं रागावलेलीच आहे. विचार.”

“शिबिरात तू रडायचीस, ते कशासाठी गं?”

“कशासाठी म्हणजे? माझ्या त्याचा नुसता हात लागला तरी अंग पेटायचं. देवा, हे काढून घे, म्हणायचे. केझियाला जमतं, मग मलाच का नाही?”

“मला जमत नव्हतं, रोव्हे. मला तसं काही व्हायचंच नाही. मला वाटायचं, तुम्ही नाटक करता.”

रोव्हेनाचा हात थांबला. “आणि आता?”

“आताही नाही.”

“म्हणजे भूकच नसलेल्या बाईने उपासाचं कौतुक करून घेतलं!” ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “आणि त्या कौतुकाने मला झोडपलं गं सगळ्यांनी.”

“मला कळलंच नाही. खरंच चुकले.” केझिया म्हणाली. “पण मी मुळातच अशी, की बाबांनी केली?”

“तीच प्रवचनं मीही ऐकली ना, तुझ्याच मांडीला मांडी लावून? माझं काही मेलं? पोरगी पाचवीत आहे माझी.”

पटलंही, आणि पूर्ण पटलंही नाही. केझियाने तिथूनच डेन्व्हरला फोन लावला.

“थांबू नकोस माझ्यासाठी. निघण्यासारखं काही नाहीये मनातून. मी बहुतेक अशीच आहे.”

“म्हणजे नाही म्हणतेस?”

“तसं नाही रे. मला तू हवायस. ते नकोय. असं कुठे असतं का, असलं तर कसं राहायचं, काही कळत नाही. मला कोणी शिकवलंच नाही.”

त्याने फोन ठेवला नाही.

“मलाही कोणी नाही शिकवलं,” तो म्हणाला.