तीनचाकीवरून सोनारीची जत्रा

कमलच्या पत्रात या वेळी एकच ओळ खाली रेघ ओढून लिहिलेली होती : ‘गाडीची सोय झाली आहे, आता सबब चालणार नाही.’

कमल आणि मी ट्रेनिंग कॉलेजात एका खोलीत राहिलो. पुढं मी पुण्याला शिक्षिका झाले आणि ती परंड्याला मुलींच्या शाळेत लागली. जवळच सोनारीला चैत्रात काळभैरवाची जत्रा भरते. त्या जत्रेला ती मला दरवर्षी बोलवायची आणि मी दरवर्षी टाळायची. सहा वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून माझ्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ते नीट जुळलंच नाही. तेव्हापासून दोन कुबड्या काखेत आहेत. शंभर पावलं चालले की घामानं अंग भिजतं. कुणी विचारलं तर मी सांगायची, “पाय जरा दुखावलाय, होईल बरा.” अशा पायानं जत्रेत कोण जाईल?

गाडी म्हणजे हातानं चालवायची तीनचाकी सायकल, आणि ती भाड्यानं मिळणार होती. पत्र दोनदा वाचलं आणि रजेचा अर्ज दिला.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघून पहाटे कुर्डुवाडीला उतरले. परंड्याच्या एस.टी.त कंडक्टरनं माझ्या कुबड्या पाहिल्या आणि दारालगतच्या बाकावरच्या माणसाला उठवलं. “बाई, हितंच बसा. मागं लई आदळतंय.” पुढं बसूनही आदळायचं ते आदळलंच. बाहेर काळी रानं भेगाळली होती. बाभळीखाली शेळ्या सावलीला दाटीनं उभ्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळाला बरीच वर्षं उलटली होती, पण गेल्या साली पाऊस पुन्हा कमी झाला होता. कंडक्टर म्हणाला, “ही सडक दुष्काळातली. हिची निम्मी खडी आमच्या आईनं फोडलीया.” मध्येच विहिरीवर मोटार असलेला एखादा उसाचा तुकडा हिरवागार दिसायचा आणि लगेच मागं पडायचा.

स्टँडवर कमल उभी होती. केस पांढरे झालेले, आवाज तसाच. तिच्या घरी धपाटे (ज्वारीच्या पिठात लसूण-तिखट घालून थापलेली भाकरी) आणि दही खाल्लं, आणि ऊन कलायच्या आत आम्ही गाडी बघायला गेलो.

गाडीचे मालक सुदामराव तहसील कचेरीसमोर बसणारे अर्जनवीस (लोकांचे अर्ज लिहून देणारे) होते. घर पत्र्याचं, सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. दारात निळ्या रंगाची तीनचाकी उभी होती आणि त्या सीटवर सुदामराव मांडीवर टाइपरायटर घेऊन बसले होते. मांडीच म्हणायची, कारण गुडघ्यांखाली काही नव्हतं. दुष्काळात विहिरीच्या कामावर सुरुंग वेळेआधी उडाला, असं कमलनं वाटेत सांगितलं होतं.

भाड्याचं बोलणं तिनं आधीच उरकलं होतं. त्यांनी टाइपरायटर ओट्यावर ठेवला, दोन्ही हातांवर भार देऊन ते खाली उतरले आणि मला बसायला सांगितलं. छातीसमोर दोन मुठी होत्या. त्या सायकलच्या पायट्यांसारख्या हातानं फिरवायच्या. फिरवता फिरवताच मूठ डावी-उजवी केली की पुढचं चाक वळायचं. मी पहिल्याच फेरीत त्यांच्या तुळशी... नव्हे, तुळस नव्हती, कोरफडीच्या डब्याला धडकले.

“असू द्या,” ते म्हणाले. “म्या पहिल्या दिशी म्हशीला धडकलो व्हतो.”

ते जमिनीवर बसून वर माझ्याकडं बघत होते. त्यांची गाडी म्हणजे त्यांचे पाय, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

“मग दोन दिवस तुम्ही काय करणार?”

“कचेरी बंद हाय. घरीच हाय म्या. सोमवारी दहाला मात्र गाडी दारात पायजे. लोकं लांबनं येत्यात.”

“तुम्ही कधी गेलात जत्रेला?”

“वडील आमच्या गावच्या जत्रंत हलगी वाजवायचे. आमी बुद्धाकडं आलो तवा त्यांनी हलगी सोडली. मग जत्रा बी सुटली. देव न्हाय आठवत, बाई. पण जत्रा लई आठवती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तीनचाकी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली. हंगामभर ढोकीच्या कारखान्याकडं ऊस ओढून ट्रॉली मोकळी झाली होती. फळ्यांना अजून आंबूस वास येत होता. नारळ, पोरं, बायका आणि मधोमध मी तीनचाकीवर बसलेली. ट्रॉली वळली की माझी गाडी दोन बोटं सरकायची आणि चार बायका एकदम तिचं चाक धरायच्या.

सोनारी प्रथम दिसली ती धुळीचा लोट म्हणून. मग शिखर, झाडं, आणि झाडांवर माकडं. इथं माकडं देवाचीच समजतात, त्यांना कुणी मारत नाही. वाटेवर घोटाभर फुफाटा (पिठासारखी मऊ धूळ) होता. त्यात चाकं रुतायची. मी मुठी फिरवायची, कमल मागून ढकलायची. सहा वर्षांनी मी गर्दीत होते. बांगड्यांची दुकानं, गुळाच्या रेवड्यांचे ढीग, लाल रंगाचं गारीगार, गुलालानं माखलेले लोक. मला फार आनंद झाला होता. पण बसल्या जागेवरून लोकांच्या कमरा आणि पिशव्याच तेवढ्या दिसत होत्या.

देवळाच्या वाटेवर एक म्हातारी थांबली, तिनं माझ्या मांडीवर चार आणे टाकले, नमस्कार केला आणि पुढं गेली. मला उमगेपर्यंत दुसरं नाणं पडलं. मग एका धोतरवाल्या पाहुण्यानं आपल्या लहानग्या नातीच्या हातून तिसरं टाकवलं. माझ्या अंगावर इरकली साडी होती, मनगटावर घड्याळ होतं. पण त्यांना दिसत होती फक्त गाडी.

“अहो, मी शिक्षिका आहे!” मी मोठ्यानं म्हणाले. त्या नातीनं घाबरून आजोबांचं धोतर धरलं.

“मंदा, त्यांना काय माहीत?” कमल हळूच म्हणाली.

“मला परत ने.”

“अगं, आत्ता तर आलो.”

“तुला काय कळणार? तुझ्या मांडीवर टाकलेत का कुणी?”

कमलचे डोळे भरले होते आणि त्याचाही मला राग आला. तिनं गाडी देवळाच्या कडेला चिंचेखाली नेली. समोर लाकडी पाळणा होता. चार पेट्यांचा, दोन माणसं हातानं फिरवत होती. बायका वर जाताना किंचाळायच्या आणि खाली येताना हसायच्या.

“बसायचं?” कमलनं विचारलं. ती चेष्टा करत नव्हती.

मी नाही म्हणणार होते. पण नाही म्हणून मग उरलं काय, त्या तीन नाण्यांशिवाय? म्हटलं, “बसू.”

पाळणेवाल्यानं कुबड्यांकडं पाहिलं, मग म्हणाला, “आक्का, उचलावं लागंल. चालंल?” मला कुणी विचारून उचललेलं हे पहिलंच. दवाखान्यात न विचारताच उचलायचे. मी हो म्हटलं. त्या दोघांनी हातांची खुर्ची करून मला पेटीत बसवलं, शेजारी कमल.

पाळणा वर गेला आणि सगळं एकदम उघडलं. गुलालाचं अंगण, देवळापुढचा रथ, बैलगाड्यांचा तळ, पलीकडं करपलेली रानं आणि कोरड्या ओढ्याची वळणं. इतका वेळ कमरा बघत होते. आता मुंडाशी आणि अंबाडे दिसत होते. मी ओरडले. आनंदानं ओरडले, आणि मग लगेच भीतीनं.

कारण खाली चिंचेवरून तीन माकडं तीनचाकीवर उतरली होती. मुठीला माझी धपाट्यांची पिशवी टांगलेली होती. माकडांनी ती ओढली, पिशवी सुटेना, गाडी हलली, आणि उतारावरून ओढ्याकडं निघाली. एक माकड सीटवर बसूनच गेलं. लोक हसत होते. “धरा! धरा!” मी वरून ओरडत होते, पाळणा मला आणखी वर नेत होता. गाडी पुढच्या चाकानं दगडावर आदळली आणि कलंडली.

खाली उतरून बघतो तर पुढचा चिमटा (चाक धरणारी लोखंडी दुबेळकं) वाकून चाक आडवं झालेलं. सोमवारी दहा वाजता कचेरीसमोर लांबनं आलेली माणसं उभी राहणार होती. मला रडू येईल असं वाटलं, पण रडायला वेळ नव्हता. पाळणेवाला म्हणाला, “घिसाडी आल्यात की बैलबाजाराकडं.” घिसाडी म्हणजे गावोगाव फिरून विळे-खुरपी घडवणारे लोहार.

पाळणेवाल्याच्या जोडीदारानं गाडी खांद्यावर घेतली. मी कुबड्यांवर निघाले. शंभर पावलांपेक्षा ते अंतर खूप जास्त होतं. तीनदा थांबले.

घिसाड्याचं बिऱ्हाड त्याच्या बैलगाडीच्या सावलीत होतं. नवरा ऐरणीशी आणि बायको घण मारणारी, उंच, काळीसावळी, कासोटा घट्ट मारलेली. त्यानं चिमटा फिरवून पाहिला.

“तापवल्याबिगर सरळ न्हाय व्हायचा. रंग जाईल.”

“जाऊ द्या. सोमवारी चालला पाहिजे.”

“तापवू. पर भाता कोण ओढंल? भाऊ गेलाय जत्रा बघाय.”

“मी ओढते,” मी म्हणाले.

बायकोनं माझ्याकडं नीट पाहिलं. “बसून ओढायचा अस्तोय. येईल तुमास्नी.”

ती जमिनीवर गोणपाट टाकून म्हणाली, बसा. मी बसले. भात्याची साखळी ओढायची, सोडायची. निखारे लाल, मग पिवळे झाले. सकाळपासून मुठी फिरवून तळहातांना फोड आले होते, ते आता फुटले. “दमानं वो बाई, सारखा वारा पायजे,” ती म्हणायची आणि घण उचलायची. तिचा घण त्याच्या हातोडीच्या खुणेवर बरोबर पडायचा. ना ती चुकायची ना तो सांगायचा. कमल घागरीनं पाणी आणत होती. आमचं भांडण कुठं गेलं कळलं नाही. चिमटा सरळ झाला, पाण्यात चर्र केलं. निळा रंग जळून तिथं काळं लोखंड उघडं पडलं.

निघताना ती म्हणाली, “पुढल्या जत्रंला या. भाऊ काय कामाचा न्हाय.”

त्याच संध्याकाळी उजेड असताना आम्ही गाडी परत केली. दुसऱ्या दिवसाचं माझ्यात बळ नव्हतं. मी काही लपवलं नाही. सुदामराव जमिनीवरूनच चिमट्यावर हात फिरवत राहिले. मग चढून बसले, अंगणात एक फेरी मारली.

“डावीकडं ओढतीया.”

“मी दुरुस्त करून देते.”

“ऱ्हाऊ द्या. आदी उजवीकडं ओढायची.” आणि ते हसले. मग म्हणाले, “आता पयल्यापासनं सांगा. काय काय बघितलं?”

मी सांगत गेले. बांगड्या, गारीगार, पाळणा, घण मारणारी बाई. मध्येच ते अडवायचे: हलगी किती होत्या? रथाला दोर किती? मग नाण्यांचंही सांगितलं.

“मला बी टाकायचे,” ते शांतपणे म्हणाले. “म्हणून तर टाइपरायटर मांडीवर ठिवतो. टाकाय जागाच न्हाय.”

कमलनं आतून चहा करून आणला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “बाई, तुमचा वर्ग खाली हाय का वर?”

“वरच्या मजल्यावर.”

“कमलबाई म्हणल्या, सहा सालं झाली. रोज चढताय?”

“हो.”

“खाली वर्ग न्हाईत?”

“आहेत. मी मागितला नाही.”

त्यांनी टाइपरायटर ओढून घेतला, कागद घातला. विषय : तळमजल्यावरील वर्ग मिळणेबाबत. खटखट वाजत राहिली. मग थांबले. “हितं एक शब्द लिहावा लागतोय. अर्जदार अपंग असून. लिहू?”

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. कमल माझ्याकडं बघत नव्हती. ते मात्र बघत होते. घाई नव्हती त्यांना. असे किती लोक त्यांच्यासमोर अडले असतील या नाही तर त्या शब्दापाशी.

“लिहा,” मी म्हणाले.

परतीच्या गाडीत कुर्डुवाडीला शेजारी एक बाई बसली. तिनं कुबड्या पाहून विचारलंच, “काय झालं पायाला?” मी म्हणाले, “मोडला होता. आता असाच राहणार.” ती “अगं आई” म्हणाली आणि तिनं मला डब्यातली भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. एवढंच झालं. सहा वर्षं मी ज्या क्षणाला भीत होते, तो चटणी-भाकरीत संपला. नाण्यांचा राग मात्र गेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. मुख्याध्यापिकांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “खालचा कोपऱ्यातला वर्ग घ्या. पण मंदाबाई, सहा वर्षं तुम्ही एका शब्दानं का नाही बोललात?”

उत्तर म्हणून मी त्यांना सोनारीची जत्रा सांगायला लागले. त्यांनी घंटा पाच मिनिटं उशिरा द्यायला सांगितली.