कासवाच्या वाटेतली वीट

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळत आलो. मुलाला सांगितली नाही, मुलीलाही नाही. कासवाचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठून जायचो. आता उठायचं तर भिंत धरावी लागते, म्हणून बसल्या जागी लिहून टाकतो.

कासव आणलं माझ्या मेव्हण्याने. तो ट्रक चालवायचा, राहायला किरनापूरला. एकदा दक्षिणेकडून परतताना तो बालाघाटला आमच्याकडे जेवायला थांबला. हात धुतले आणि शर्टाच्या खिशातली रुमालाची पुरचुंडी काढून ताटाशेजारी ठेवली. मला वाटलं, सुपारी असेल. मग रुमाल हलला आणि मी पाटावरून मागे सरकलो. आत मुठीत मावेल एवढं पिल्लू होतं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या काढल्यासारख्या.

"ताई, तुले आणला. घरात कासव असला का बरकत राह्यते," तो बहिणीला म्हणाला.

"आन् कोणी विचारायले आलं तर?" मी म्हणालो.

"भाऊजी, तुमाले झुरळ दिसला तरी पोलीसच आठवते."

ती दोघं बहीणभाऊ पोट धरून हसली. पण मी आयुष्यभर सरकारी कचेरीत बसलेला माणूस. कोणी येऊन विचारेल, ही भीती मला पगाराबरोबरच मिळालेली आणि पगार थांबल्यावरही ती थांबली नाही.

पहिल्याच दिवशी ते मरता मरता वाचलं. देवळात आम्ही कासवं पाहिली ती टाक्यातच. तेव्हा कासव म्हणजे पाण्यातलं, याबद्दल आम्हाला शंकाच नव्हती. बायकोने पितळेची परात पाण्याने भरली आणि त्याला आत सोडलं. त्याने दोन-चार वेळा पाय मारले आणि ते सरळ तळाला गेलं. नाकातून बुडबुडे आले. मी नुसताच "अवो, अवो" करत राहिलो. तिने हात घालून त्याला उचललं, तोंड खाली करून धरलं, पदराने पुसलं. बऱ्याच वेळाने त्याने एक डोळा उघडला.

"हा पान्यातला नोहे जी," ती म्हणाली. "याले मातीच पाहिजे."

हे वाक्य मी कधीच विसरलो नाही. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या, कारण माझ्याही लक्षात होतं.

आमच्या घरामागे लहानसं अंगण आहे. तिन्ही बाजूंनी भिंत, एक जास्वंद, एक कढीपत्ता आणि कोपऱ्यात पाणी बाहेर जायला मोरीचं भोक. त्या भोकातून कासव बाहेर जाऊ नये म्हणून बायको तिथे वीट उभी लावून ठेवायची. अंगण धुताना वीट बाजूला, धुऊन झालं की वीट जागेवर. चहात साखर घालायची ती एखादे वेळी विसरायची. वीट विसरायची नाही.

मुलं बाहेरगावी. दिवसभर आम्ही दोघं आणि ते. ती खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायची आणि मी तिच्यामागे उभा राहून घाबरायचो. कारण ते जे काही करायचं त्यात मला काहीतरी वाईटच दिसायचं. सकाळी ऊन अंगणात उतरेपर्यंत ते गोणपाटाखाली दगडासारखं पडलेलं असायचं. ऊन आलं की बाहेर येऊन मान आणि चारही पाय ताणून पसरायचं, डोळे मिटलेले. पहिल्यांदा ते तसं दिसलं तेव्हा मी ओरडलो, "गेलं!" ती स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी धावत आली आणि कपाळाला हात लावला. कपाळभर पीठ.

"शेकून राह्यला तो. तुमी नाही का शेकत थंडीत चुलीपाशी?"

एकदा मी त्याच्या पाठीवरचं पान काढायला हात लावला आणि त्याने आत आक्रसताना फुस्स असा आवाज काढला. मी साप समजून पायरीवर चढलो. ती म्हणाली, घाबरला की आतला वारा बाहेर सोडतो, रागावत नाही. "तुमी घाबरता आन् तोही घाबरते. दोघांची जोडी चांगली जमली."

तिने त्याचं सगळं ओळखून घेतलं होतं. ऊन खाल्ल्यावरच त्याला भूक लागते. मग तो भिंतीच्या कडेकडेने फेरी घालतो, नेहमी भिंत उजवीकडे ठेवून. कढीपत्त्याच्या कोपऱ्यात आला की भिंतीवर चढायला बघतो, पडतो, पुन्हा बघतो. लाल रंग दिसला की तिकडे वळतो. तिने पायाच्या नखांना लाल रंग लावला होता, तर त्याने जास्वंदीचं फूल समजून अंगठा चावला. ती इतकी हसली, की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

तिथून बातमी गल्लीत गेली. आमच्या भागात कासवाची बातमी साधी राहत नाही. वीस नखांचं कासव असलं की पूजा करून गुप्तधन निघतं, असं मानणारे लोक इकडे खेड्यापाड्यांत आहेत आणि त्यासाठी कासवं शोधत हिंडणारेही आहेत. शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "काकू, तुमच्याकडचा वीस नखाचा हाय म्हनते. मंग स्वयंपाकघर खोदून टाका."

"अठराच हाय वो," बायको म्हणाली. "मोजून पाहिले मी. दोन तुझे लावून देजो."

त्या हसत होत्या आणि मी घरात जाऊन खिडकी लावली. थोड्याच दिवसांपूर्वी पेपरात बातमी वाचली होती, की असं कासव घरात ठेवल्याबद्दल कुठल्याशा गावच्या माणसाला वनखात्याने नेलं. हातात कासव धरलेला त्याचा फोटो होता. तो माझ्याच वयाचा होता.

मी तिला बातमी दाखवली. ती तिने दोनदा वाचली. मग म्हणाली, "संक्रांत होऊ द्या. मी भावाशी बोलतो, याले परत नेते का. नाहीच जमलं तर आपणच नेऊन देऊ त्या लोकाइले. सांगू, चुकी झाली. मारून थोडीच टाकतीन?" इतकं सरळ होतं ते. पण कचेरीत आपण होऊन जाणारा माणूस कसा अडकतो हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. मी म्हणालो, बघू.

त्यानंतर दोन तरुण मोटरसायकलवरून आले. फाटकाबाहेरच थांबले. एकाने गाडी बंद केली नाही.

"दादाजी, कछुआ है क्या आपके यहाँ?"

"नहीं तो."

"हमारे एक महाराज हैं, बस तौल के देखेंगे. बुरा मत मानिए."

"बोला न, नहीं है."

ते हसले. दुसरा माझ्या खांद्यावरून घराच्या आत बघत होता. ते गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली आणि तशीच धरून उभा राहिलो. त्या दिवसापासून मोटरसायकलचा आवाज आला की मी कासवावर टोपली उपडी टाकायचो आणि आवाज गेला की बायको येऊन टोपली काढायची.

संक्रांतीला ती किरनापूरला माहेरी गेली. निघायच्या सकाळी तिने अंगण धुतलं आणि मला चार गोष्टी सांगितल्या. त्यातली एक अशी, "थंडी वाढली का तो हालत नाही. दगड होऊन जाते. घाबरू नका, हात लावू नका. ऊन आलं का आपोआप उठीन." बसमध्ये चढतानाही तिने मान वळवून म्हटलं, "घाबरजा नका."

दुसऱ्या दिवसापासून आभाळ भरून आलं. मावठ्याचा पाऊस पडला आणि ऊन निघेचना. कासव गोणपाटाखाली तसंच होतं. मी रोज गोणपाट उचलून बघायचो. एका सकाळी त्याची मान बाहेर लोंबत होती, डोळे मिटलेले. बोट लावलं तर गार लागलं. पाय ओढला तर आत घेतला नाही. त्याच वेळी शेजारचे गृहस्थ दूध घेऊन आले आणि भिंतीवरून म्हणाले, "चौकात वनवाल्यायची जीप उभी हाय. काय झालं कोणाले मालूम."

जीप कशासाठी आली होती, हे मला दुपारी कळलं. शाळेत एक वानर शिरलं होतं. पण दुपार व्हायला अवकाश होता.

मी कासव पिशवीत घातलं. वर खांद्यावरचा दुपट्टा ठेवला आणि वैनगंगेच्या घाटाकडे चालत निघालो. मेलेला जीव नदीत सोडायचा, हे आमच्याकडे कोणाला विचित्र वाटत नाही. वाटेत कोणी विचारलंच तर सांगायला निर्माल्य आहे, असं ठरवून ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही. धुकं होतं. मी सारखा मागे बघत होतो.

मी ते मेलं असं समजलो, असं आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी नीट पाहिलंच नाही. ती म्हणाली होती तसं वाट बघायला हवी होती, त्याला ऊब द्यायला हवी होती. घरात चूल होती, गरम पाणी होतं, माझा स्वेटर होता. पण ते मेलं असलं तर जीप, मोटरसायकल, पेपरातला फोटो, सगळं एकदम संपणार होतं. मला ते मेलेलंच हवं होतं.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून मी त्याला दोन्ही हातांत घेतलं. येईपर्यंत पिशवी छातीशी धरली होती. कदाचित माझ्याच अंगाची ऊब त्याला लागली असावी. पाण्यात हात घातला आणि तळव्याला काहीतरी खरडलं. त्याचा मागचा पाय होता. मग मान हळू वर आली आणि एक डोळा उघडला, परातीतून काढल्यावर उघडला होता तसाच.

मागे पायऱ्यांवर कोणाच्या तरी चपला वाजल्या. मी हात सोडले.

कासवाने पाय मारले, ते मी पाहिलं. मग मी वळलो. चपलांचा माणूस आंघोळीला आलेला एक म्हातारा होता. "जय राम जी की," तो म्हणाला. मीही म्हणालो. घरी येईपर्यंत मी मनात एकच वाक्य म्हणत होतो, कासव आहे, पोहेल. आणि त्या वाक्याच्या खाली दुसरं वाक्य होतं. हा पान्यातला नोहे जी.

आता तिला काय सांगायचं, या भीतीने मला अंगणात नेलं. वीट तिने लावली होती तशीच मोरीपाशी उभी होती. मी ती काढून बाजूला ठेवली. एवढंच केलं. हाताला विटेची ओल लागली, ती धोतराला पुसली.

ती परतली ती तिळाचे लाडू आणि कासवासाठी भावाच्या वाडीतली कोवळी अंबाडी घेऊन. पिशवी न ठेवताच अंगणात गेली. मी बैठकीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. गोणपाट उचलल्याचा, टोपली सरकवल्याचा आवाज आला. मग ती दारात आली.

"वीट बाजूले हाय," ती म्हणाली. "मी जातानी लावली नाही का?"

खोटं बोलावंच लागलं नाही मला. तिने स्वतःच सगळं जुळवलं. बसची घाई होती, अंगण धुतलं, वीट राहिली. "माझ्याच हातानं झालं," ती म्हणाली आणि मोरीपलीकडच्या नालीत हात घालून शोधायला गेली. मी तिच्या मागे बॅटरी धरून उभा राहिलो. बॅटरी धरून! त्या नालीत मी उजेड पाडत होतो.

तिने पुन्हा वीट लावली नाही. परत आला तर त्याला वाट पाहिजे, म्हणायची. मोरीपाशी रोज एक जास्वंदीचं फूल ठेवायची, लाल दिसलं की वळेल म्हणून. संध्याकाळी ते सुकलेलं उचलायची. त्या उघड्या भोकातून एकदा धामण आत आली, चप्पल ठेवतो तिथे वेटोळं घालून बसली. मी खुर्चीवर चढून उभा राहिलो, पण वीट लाव असं तिला म्हणू शकलो नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

सांगायला निघालो नाही असं नाही. जेवताना निघालो, तिने "भात वाढू का?" विचारलं आणि राहिलं. तिचा भाऊ वारला तेव्हा निघालो, तर ती रडत होती. प्रत्येक वेळी मला वाटलं, आता ती माझ्याकडे घाटावरच्या त्या कासवासारखी बघेल. आणि मी घाबरलो.

शेवटी ती गोंदियाच्या दवाखान्यात होती. नाकात नळी होती. मी तिचे पाय चोळत होतो आणि मनात वाक्य तयार होतं. तिने डोळे उघडले.

"मोरी उघडीच हाय न जी?"

"हौ."

"मी नाही तर तुमी भेवानं लावून टाकसान. लावू नका. मीच इसरली होती वीट, त्याची काय चुकी?"

मी तोंड उघडलं. नर्स सलाईन बदलायला आली. नर्स गेली तोवर बायकोचा डोळा लागला होता आणि तिला उठवू नका असं मला सांगितलं होतं.

त्या झोपेतून ती उठली नाही. मोरी अजून उघडी आहे. अंधार पडायच्या आत मी खुर्ची टाकून तिथे बसतो, काठी हातात घेऊन, कारण सापाची भीती गेलेली नाही. आणि ते तयार वाक्य अजून माझ्यापाशीच आहे. तू वीट लावून गेली होतीस वो. जागेवरच होती. मी काढली. मले माफ कर.