सासूबाईंसाठी आणलेला बॉक्स

सासूबाई साताऱ्याचं घर बंद करून आमच्याकडे बंगालमध्ये, बेहाल्याला राहायला आल्या. एके दिवशी जेवताना त्यांनी शांतपणे जाहीर केलं, "इथं मराठी कानावर पडत नाही. असंच चालायचं असेल तर मी आपली परत जाते." त्यांचं चूक नव्हतं. केबलवर मराठी वाहिनी औषधालाही नव्हती. आमची कन्या आजीला हिंदीत उत्तर द्यायची, वैतागली की बंगालीत. मी शाळेत शिकवून येईपर्यंत त्यांना बोलायला घरात फक्त भिंती.

पण या वयात साताऱ्यात एकटं राहायचं, म्हणजे पडल्या-झडल्या तर कळणार कोणाला? माझा नवरा केंद्र सरकारी अधिकारी, त्यामुळे घरातही साहेबच. साहेबांनी प्रकरण तातडीचं ठरवलं. म्हणजे सरकारी तातडीचं. टीव्हीला जोडायचं स्ट्रीमिंगचं यंत्र आणायचं, की मराठी मालिकाच मालिका. मग स्टिक घ्यावी की बॉक्स, यावर निविदा निघाल्यासारखा काथ्याकूट सुरू झाला. रॅम किती, फोर-के आहे का, आवाज डॉल्बी आहे का. ज्या बाईला मालिकेतली सून सासूला उलटून बोलली का एवढंच पाहायचं, तिला डॉल्बी! शिवाय बदलीवाल्यांच्या घरातला आद्य प्रश्न होताच: "उद्या बदली झाली तर?" या प्रश्नापायी आम्ही भिंतीला खिळा ठोकत नाही, आणि मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांची रिकामी खोकी माळ्यावर जपून ठेवतो. बॉक्स गुवाहाटीला चालेल का, चेन्नईला चालेल का, याचाही विचार झाला. तो बेहाल्याला कधी चालणार, हे विचारायची सोय नव्हती.

नाक्यावरचा दुकानदार दर रविवारी आम्हाला तीच खोकी उघडून दाखवायचा. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "दादा, आगे ठीक कोरून की चान." आधी काय हवंय ते ठरवा. साहेबांना ते तत्त्वतः पटलं, आणि ठरवण्यात आणखी काही रविवार गेले. सासूबाईंना मात्र कोणी काही विचारलं नाही. वापरणाऱ्याला विचारायची पद्धत साहेबांच्या खात्यात नसावी.

दिवाळी उरकल्यावर एकदाचा बॉक्स आला. रिमोटवर माइकचं बटण, ते दाबून मराठीत बोललं की मालिका हजर. साहेबांनी उद्घाटनाचं भाषण केलं, "आई, आता तुला हवं तेवढं मराठी!" सासूबाईंनी मान डोलावली. परत जायची भाषा बंद झाली. साहेब छाती काढून फिरू लागले, आणि खरं सांगते, सुटले बाई, असं मीही म्हटलं.

मग एका दुपारी शाळा लवकर सुटली. दार उघडलं तर आतून सासूबाईंचा आवाज. वाटलं, कोणी आलंय. पाहते तर दाराकडे पाठ करून त्या एकट्याच बसलेल्या, रिमोट तोंडाशी धरून, बटण दाबून सांगत होत्या, "वांगी इथली सगळी बियांची निघतात बघ. आमच्याकडची कृष्णाकाठची वांगी म्हणजे नुसतं लोणी. तर आमच्या थोरल्या जाऊबाई काय करायच्या..." पडद्यावर वांग्याच्या पाककृती रांगेनं उभ्या होत्या. चपला न काढताच मी दारातून विचारलं, "मग? काय करायच्या?"

सासूबाईंचा आवाज केवढा खुलला! आणि मागे वळूनही न बघता त्या टीव्हीलाच पुढचं सांगू लागल्या.