न्यामिझी कुठं गेली

न्यामिझी माझी शेजारीण. शिवणकाम करायची. आईबाप आमच्यासारखेच काळे, पण ही जन्मापासून पांढरी, केसांसकट, पापण्यांसकट. अशांना आमच्या सरोवराकाठी भूत म्हणतात. ही माणसं मरत नाहीत, नाहीशी होतात, असंही म्हणतात.

बाजाराची गाडी माणसांनी फुटायला आली तरी न्यामिझीशेजारची जागा रिकामी राहायची. पोटुशा बायका तिला बघून, पोर तसं होऊ नये म्हणून, स्वतःच्या छातीवर थुंकून घेत. मला चीड यायची. ती म्हणायची, "ऐसपैस बसायला मिळतंय, तू का जळतेस गं?"

पण मी तरी कुठली शहाणी! पहिल्यांदा तिच्याकडून कापड घेतलं तेव्हा नकळत हात कमरेला पुसला होता. पुढच्या वेळी तिनं कापड हातात न देता मशीनवर ठेवलं. ते आठवलं की अजून लाज वाटते. तेव्हापासून गाडीत मी तिच्याशेजारीच बसायचे.

एकदा सुकी मासळी विकणारी एक बाई मागून म्हणाली, "तुझा भाऊ लुहेंडे तुझ्यासारखाच होता ना? त्याची कबर कुठाय?"

गाडीतली बडबड थांबली. न्यामिझी म्हणाली, "नाहीसा झाला."

घरी आल्यावर मी तिच्यावर उखडले, "त्या मूर्खांना तूच खतपाणी घालतेस!"

तिनं दार लावलं. मशीनखालच्या जमिनीकडे बोट केलं.

"हितं आहे तो. नऊ वर्षांचा होता, तापानं गेला. आमची हाडं मांत्रिकांना हवी असतात. कबर दिसली की उकरतात. बाबा हितं खणत होते तेव्हा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आई उखळात मका कांडत होती. त्या दिवशी उखळात मका नव्हताच."

मी मशीनजवळून पाय मागे घेतला.

"कबर दाखवली तर हाडं जातात, नाही दाखवली तर आम्ही भुतं. सांग, काय करू?" मग हळूच म्हणाली, "मला त्याच्याशेजारी ठेव. तिथली जागा रिकामी आहे."

मी शब्द दिला.

उन्हानं तिच्या कानामागं फोड आला, चिघळला. दोन वर्षांत ती गेली. भर दुपारी तिचे दोघे मामेभाऊ आत खणायला लागले. मी मशीन बंद दाराशी ओढली आणि पाय मारत बसले. दोरा नव्हता, कापड नव्हतं. सुई नुसती वरखाली होत होती. पाठीमागं ती चटईवर निजलेली.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "न्यामिझी, आज फार काम दिसतंय!"

मी पाय मारत राहिले. संध्याकाळपर्यंत अख्खी वस्ती ऐकत होती, न्यामिझी शिवतेय.

आता त्या घरात मी राहते. मशीन परत जागेवर आहे.

परवा गाडीत ती मासळीवाली माझ्याशेजारी येऊन बसली.

"तुझी ती मैत्रीण दिसत नाही? कुठं गेली?"

सगळे कान टवकारून ऐकत होते. ती माणूस होती, माणसासारखी मेली, हे ओरडून सांगावंसं वाटलं.

"नाहीशी झाली," मी म्हटलं.

"मी म्हटलंच होतं," ती म्हणाली, आणि सरकून ऐसपैस बसली.