भाता

बँडमध्ये माझ्या मावशीला सगळे ‘भाता’ म्हणत. ओळ उचलण्याआधी ती लोहाराच्या भात्यासारखा श्वास ओढायची आणि तो मायक्रोफोनमधून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचा. दिवसा लाँड्रीत इस्त्री, शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांची ती जीव ओतून गायची गाणी, असं तिचं ऐंशीचं दशक गेलं. बँडची एकुलती एक टेप निघाली तेव्हा रेकॉर्डिंगवाला वैतागला होता. “अहो बाई, गायचंय की चूल फुंकायचीय?” मावशी ओशाळली, पण श्वास काही लहान झाला नाही. आणि तो ऐकल्याशिवाय ड्रमर ठोका द्यायचाच नाही, त्यामुळे तो टेपवर तसाच राहिला.

मग म्हातारपणी घशाचा कॅन्सर झाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेते, त्याची बारीक शिट्टी खोलीभर ऐकू येते. तिला त्याची इतकी लाज, की भर उन्हाळ्यातही गळ्याचा रुमाल सुटत नाही. बोलते नुसत्या ओठांनी. लेकीला सगळं कळतं, मला निम्मं. टेप तिने कपाटात कोंडून टाकली. मला हे फार लागायचं. जिने हॉल दणाणून सोडले, ती बाई स्वतःच्या घरात दबकून श्वास घेत होती.

तिची लेक टेक्नो बनवते, म्हणजे यंत्रांवरचं नाचाचं संगीत. मला विचाराल तर नुसती गिरणीची धडधड. तिने टेपसाठी हट्टच धरला. “आई, आमची यंत्रं फार सरळ वाजतात गं. त्यांच्यात जीव आणायला आम्ही तुमच्या सोलकडेच येतो. एखादी हाक, अर्धी ओळ उचलायची, कापायची आणि फिरवत ठेवायची.”

मावशीने शेवटी किल्ली दिली. पण त्यानंतर तिचं जेवणात लक्ष लागेना. गेलेला आवाज पुन्हा ऐकणं तिला झेपेल का, ही धास्ती मलाही होतीच.

रविवारी सकाळी लेकीने तयार झालेलं ऐकवलं. ढमढम सुरू झालं. मी जीव मुठीत धरून गाण्याची वाट पाहिली. गाणं आलंच नाही. आला तो श्वास. ठोके, श्वास, पुन्हा ठोके.

मावशीचे ओठ हलले. एवढं मलाही कळलं: गाणं कुठंय?

“नाही घेतलं. आजकाल रेकॉर्डिंगमधून सगळ्यात आधी श्वासच पुसतात गं. गायकांना फुप्फुसं नाहीतच असं वाटतं. मला तुझा हाच हवा होता.” मग जरा चाचरत म्हणाली, “आताचाही देशील?”

मावशीचा चेहरा उतरला. मी पोरीकडे डोळे वटारले. पण मावशीचा हात गळ्याकडे गेला. तिने रुमाल सोडला, इस्त्रीवालीच्या सवयीने त्याची चौकोनी घडी घातली आणि मायक्रोफोन गळ्याशी ओढला.

लेकीने यंत्र थांबवून बटणावर बोट ठेवलं. “तू घे. मग मी ठोका देते.”

मावशीने श्वास ओढला, जराही न दबकता. ठोका पडला.